डोळा मारायचा नाही

स्टार ट्रेक ही अंतराळयानावरची अमेरिकन टीव्ही मालिका उघड्या मैदानात नाटक म्हणून करायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो दाराचा. यान, अंतराळ, परग्रहावरची माणसं, हे सगळं नंतर. आधी दार. मालिकेत कुणीही खोलीत शिरलं की दार आपोआप बाजूला सरकतं आणि हवा सुटल्यासारखा एक आवाज येतो. त्या आवाजाशिवाय एन्ट्री ही एन्ट्रीच वाटत नाही. पण गवतावर दार आणायचं कुठून? चौकट उभी करावी तर वाऱ्याने आडवी होते, न करावी तर यानाचा इंजिनिअर झुडपामागून फिरायला आल्यासारखा चालत येतो.

गंमत म्हणजे मूळ मालिकेतही ते दार आपोआप उघडत नव्हतं. सेटच्या मागे माणसं उभी असायची आणि ती हाताने दार ओढायची. नटाने ठरल्या वेगाने सरळ चालत जायचं आणि दार उघडेल असा भरवसा ठेवायचा. ओढणाऱ्याला उशीर झाला की नट थेट फळीवर. असे फसलेले तुकडे चाहते अजून चवीने बघतात.

आम्ही हौशी मंडळींनी शेवटी दार वगळलं आणि आवाज तेवढा ठेवला. कन्सोलच्या, म्हणजे यानाच्या बटणांच्या टेबलाच्या, मागे बसलेली एक मुलगी तोंडाने 'फ्श्श' करायची आणि येणारा नट त्याआधी किंचित थबकायचा. बस, एवढंच. पहिल्या 'फ्श्श'ला लोक हमखास हसायचे. दुसऱ्याला जरा कमी. पुढे पुढे कुणाच्या लक्षातही यायचं नाही, आणि एखादा नट घाईघाईत न थबकता आत घुसला तर पुढे बसलेली पोरंच ओरडायची, "दार! दार!"

लोक हसायला येतात, आणि मग कधीतरी हसायचं विसरतात. मला या सगळ्या उद्योगात रस आहे तो या दोन गोष्टींच्या मधल्या जागेपुरता.

मालिकेच्या काटकसरीचे किस्से मी आधीपासून ऐकून होते, पण नाटक उभं करायला घेतल्यावर ते नव्याने कामाला आले. ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका तीन हंगामांत ७९ भाग करून १९६९ मध्ये बंद पडली. त्या काळात पैशाच्या बाबतीत तिचा हात कायम आखडलेलाच. दर भागात ग्रहावर यान उतरवून दाखवणं परवडेना, म्हणून माणसं एका जागी विरघळतात आणि दुसरीकडे उमटतात ही युक्ती निघाली. त्यातली ती चमचम म्हणजे काळ्या पडद्यापुढे झगझगीत उजेडात सोडलेली अॅल्युमिनियमची पूड. पहिल्या प्रसारित भागासाठी चित्रविचित्र घाटाच्या मीठदाण्या आणल्या होत्या. त्या मीठदाण्या म्हणून ओळखूच येणार नाहीत असं लक्षात आल्यावर त्या यानावरच्या डॉक्टर मकॉयच्या हातात शस्त्रक्रियेची उपकरणं म्हणून गेल्या. हे ठाऊक असलं की पुठ्ठ्याला चंदेरी कागद चिकटवताना हात थरथरत नाहीत.

आणि हौशी मंडळींनी विज्ञानकथेला हात घालणं हा आगाऊपणाही नाही. कारेल चापेकच्या 'आर. यू. आर.' या नाटकाने जगाला रोबो दिला. प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात त्याचा प्रयोग २५ जानेवारी १९२१ रोजी झाला. पण त्याआधी २ जानेवारीलाच ह्रादेत्स क्रालोव्हे या गावातल्या हौशी नटांनी ते करून मोकळं केलं होतं. पहिला रोबो रंगमंचावर चालला तो हौशी पायांनी.

स्टार ट्रेकच्या बाबतीत आमच्यासमोर उदाहरण होतं ते अमेरिकेतल्या पोर्टलंडचं. तिथे अॅटॉमिक आर्ट्स नावाच्या गटाने २००९ पासून दर उन्हाळ्यात वुडलॉन पार्कमध्ये मालिकेचा एकेक भाग नाटक म्हणून केला. प्रवेश फुकट, आपापली चादर घेऊन या. पहिल्या वर्षी 'अमोक टाइम', मग 'स्पेस सीड', 'मिरर, मिरर', 'जर्नी टू बॅबेल'. गर्दी वाढत गेली तसं शेवटच्या वर्षी, २०१३ मध्ये, सेंट जॉन्स पुलाखालच्या कॅथीड्रल पार्कमध्ये जावं लागलं आणि तिथे 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' झालं. मालिकेतल्या यानाची मोहीम पाच वर्षांची, यांचीही पाच वर्षांची. त्यानंतर त्यांनी थांबवलं. मला त्यांच्यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की त्यांनी विडंबन केलं नाही. भाग जसा आहे तसा, मनापासून केला.

हे बोलायला सोपं आहे. करताना कळतं की विडंबन ही नटाची पळवाट असते. आपण पुठ्ठ्याच्या यानात उभे आहोत, अंगात घट्ट पिवळा शर्ट आहे, समोर शेजारीपाजारी बसलेत. अशा वेळी नटाला आतून फार वाटतं की एकदा तरी प्रेक्षकांकडे बघून डोळा मारावा, म्हणजे 'आम्हालाही कळतंय बरं का हे सगळं खोटं आहे' एवढं सांगून टाकावं. एकाने मारला की सगळ्यांची इभ्रत वाचते आणि नाटक मात्र मरतं. म्हणून तालमीच्या पहिल्या दिवशी मी एकच नियम सांगितला: डोळा मारायचा नाही. खरा नाही आणि आवाजातूनही नाही.

भाग कोणता घ्यायचा यावर बरीच खडाजंगी झाली. मी 'बॅलन्स ऑफ टेरर'वर अडून बसले. १५ डिसेंबर १९६६ रोजी दाखवला गेलेला हा भाग मुळात पाणबुडीपटाच्या साच्यातला. सीमेवरच्या चौक्या एकेक करून उद्ध्वस्त होतायत, करणारं यान डोळ्यांना दिसत नाही. इकडे मालिकेचा नायक कॅप्टन कर्क त्याचा माग काढतोय. तिकडे त्या यानात एक रोम्युलन, म्हणजे शत्रूच्या परग्रही जमातीचा, कमांडर आहे, युद्धाला विटलेला, पण हुकमाचा ताबेदार. दोघे एकमेकांच्या चाली ओळखतात, एकमेकांना मनोमन मानतात, आणि भाग संपायला येईपर्यंत त्यांची नजरानजर होत नाही. नाटकाला आणखी काय हवं? शिवाय न दिसणारं यान दाखवायला छदामही लागत नाही, हा माझा मुद्दा खजिनदाराला लगेच पटला.

मांडणी अशी केली. डावीकडे एंटरप्राइज या कर्कच्या यानाचा ब्रिज, म्हणजे यान चालवायची खोली, उजवीकडे रोम्युलन यान, मधे गवताचा एक पट्टा, ज्यावर नाटकभर कुणी पाय ठेवायचा नाही. दोन्ही कॅप्टनांची तोंडं प्रेक्षकांकडे. यानातला मोठा पडदा जिथे असायला हवा तिथे लोक बसलेले. शत्रू शोधायचा तो त्यांच्यात. कर्क अंधाऱ्या पोकळीकडे टक लावून बघतो तेव्हा प्रत्यक्षात तो तिसऱ्या रांगेतल्या आजोबांकडे बघत असतो, आणि आजोबा काही क्षण गंभीर होऊन अंतराळ होतात.

यात नवं काही नाही. कालिदासाच्या 'शाकुंतला'च्या सातव्या अंकात दुष्यंत इंद्राच्या रथातून मातलीबरोबर आकाशातून खाली येतो. उतरताना डोंगरांच्या माथ्यावरून जमीन खाली घसरत जाताना दिसते, पानांत बुडालेल्या झाडांचे बुंधे हळूहळू वर येतात, दोऱ्यासारख्या नद्या रुंद होत जातात, असं तो सांगतो. तो नुसतं सांगतो आणि विमानातून बघितल्यासारखं सगळं दिसतं. रथ दाखवायचा तो नटाने, अंगाने. दीड हजार वर्षांपूर्वी ज्याने हे लिहिलं त्याला खर्चिक दृश्यांची अडचण पडली नव्हती, तर आपण कशाला कुरकुर करायची.

नटाच्या अंगाचा विषय निघालाच आहे तर आता हिसक्याबद्दल सांगते. आमच्या तालमींचा निम्मा वेळ या एका गोष्टीने खाल्ला.

मालिकेत यानावर मारा झाला की कॅमेरा तिरका व्हायचा आणि नट स्वतःला एका बाजूला झोकून द्यायचे. मैदानात तिरका करायला कॅमेराच नाही. म्हणजे सगळा मारा नटांच्या शरीरात. पहिल्या तालमीत मी "हिसका!" म्हटलं आणि जो तो आपापल्या मर्जीने पडला. एक पुढे, दोघे एकमेकांवर, एक जण छातीवर हात ठेवून गोळी लागल्यासारखा, आणि संपर्क अधिकारी चष्मा सांभाळत नुसतीच खाली बसली. यानाला काय झालंय ते यानातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

मग ढोल आणला. कातड्यावर काठी पडली की डावीकडे, लाकडी कडेवर पडली की उजवीकडे. हे ठरल्यावर वाटलं, जमलं. तेवढ्यात प्रेक्षकांकडे पाठ करून कन्सोलवर बसलेल्या मुलाने विचारलं, "ताई, माझं डावं की तुमचं डावं?" बरोबरच होतं त्याचं. ब्रिजवर निम्मी माणसं पुढे तोंड करून, निम्मी मागे. मग डावं-उजवं सोडून दिलं. कातड्यावर पडली की झाडाकडे, कडेवर पडली की रस्त्याकडे. मैदानात तालीम करण्याचा हा एक फायदा. झाड जिथल्या तिथे असतं.

दिशा जुळल्यावर दुसरी अडचण. सगळे ढोलाच्या आधीच सावध व्हायचे. खांदे वर, गुडघे किंचित वाकलेले, चेहऱ्यावर 'आता येणार' असं लिहिलेलं. त्यामुळे हिसका यायच्या आधीच संपलेला असायचा. यावर उपाय ढोलवाल्यानेच काढला. तो तालमीत ठरल्या जागी वाजवेना. मधेच, कुणी वाक्य बोलत असताना, कुणी शिंकत असताना, चहाच्या सुट्टीतसुद्धा वाजवायचा. पोरं त्याला शिव्या घालायची, पण हळूहळू वाट बघणं थांबलं आणि ऐकणं सुरू झालं. हिसका कमरेतून निघायला लागला, डोकं सगळ्यात शेवटी. पडताना हात जवळच्या वस्तूकडे जायला लागले.

तरी काहीतरी कमी होतं, आणि ते बरेच दिवस सापडत नव्हतं. एका संध्याकाळी लक्षात आलं की पटतं ते पडणं नसतंच, पटतं ते उठणं. खऱ्या यानात माणूस पडला की तो आधी आपला कन्सोल बघेल. नजर पहिल्यांदा कामावर जाईल, मग गुडघा चोळायचा की नाही ते ठरेल. आमचे नट उठून आधी एकमेकांकडे बघत होते, 'जमलं ना?' अशा अर्थाने. तोच तो डोळा मारणं, फक्त आतल्या आत. ते थांबवलं. पडा, उठा, काम बघा. त्या दिवशी बाजूने फिरायला निघालेली दोन माणसं थांबून तालीम बघत राहिली. यान म्हणजे काय तर खुर्च्या आणि प्लायवूडचं एक टेबल, पण ती दोघं जागची हलली नाहीत.

उघड्यावर काळोख करता येत नाही, ही दुसरी मोठी भानगड. नाट्यगृहात अंधार केला की मेलेला माणूस उठून विंगेत जातो. इथे टळटळीत उजेडात मेलेला माणूस पुढचा प्रवेशभर डास मारत पडून राहणार. पण या भागाने ती सोय स्वतःच करून ठेवली होती. रोम्युलन यानातला म्हातारा सेंच्युरियन, कमांडरचा जुना सोबती, माऱ्यात मरतो. शत्रूला यान फुटलं असं वाटावं म्हणून कमांडर यानातला मोडका माल बाहेर फेकायला लावतो आणि त्याच्याबरोबर मित्राचं प्रेतही. नाटकवाल्यांना प्रेत बाहेर न्यायचंच होतं आणि कथा म्हणत होती, न्या. आमच्या दोन रोम्युलनांनी त्याला उचलून सगळ्यांसमोरून, हळू चालीने, झुडपांपलीकडे नेलं. कमांडर तिकडे बघत नव्हता. मालिकेत मला हा प्रसंग एवढा कधी लागला नव्हता, कारण तिथे कुणाला खरंखुरं उचलून न्यावं लागत नाही. वजनदार माणूस होता तो, नेणाऱ्यांचे पाय गवतात रुतत होते.

बाकी उघड्यावरच्या कटकटी सगळीकडे सारख्याच. प्रयोग उतरत्या उन्हाचा असेल तर सूर्य कुणाच्या तरी डोळ्यांत जाणारच. तो नटांच्या डोळ्यांत जाऊ द्यावा, प्रेक्षकांच्या नको, असं माझं मत. ऊन लागून डोळा मिटला तर तो मारल्यात धरत नाही. वारा नटांकडून प्रेक्षकांकडे वाहील अशी जागा घ्यावी, नाहीतर वाक्याचा शेवटचा शब्द दर वेळी नटाच्या मागे पडतो. माइक लावले तर त्यात वारा घोंघावतो, घामाने ते मधेच दगा देतात. आम्ही लावले नाहीत, आवाज फेकायला शिकलो.

कानांचं मात्र सांगायलाच हवं. कर्कचा परग्रही सहकारी स्पॉक, त्याचे टोकदार कान स्पिरिट गमने चिकटवतात आणि उन्हात घाम आला की ते कडेने सुटायला लागतात. एका स्पॉकचे दोन कान सांभाळणं जमतं. रोम्युलनांचे कानही तसेच, आणि रोम्युलन तर यानभर. इथेही मूळ मंडळींची युक्ती कामी आली. एवढे कान करणं महागात पडतं म्हणून त्यांनी हाताखालच्या रोम्युलनांना कान झाकणारी शिरस्त्राणं घातली होती. आमची पुठ्ठ्याची होती, आतून प्रचंड तापायची, पण कुणाचा कान गवतात पडला नाही.

कर्कचं काम करणाऱ्या मुलाचं वेगळंच होतं. पहिल्या वाचनाला त्याने मालिकेतल्या कर्कची, विल्यम शॅटनरची, हुबेहूब नक्कल केली. वाक्याच्या मधेच थांबणं, एकेक शब्द सुटा करणं, मग एकदम तीन शब्द एका दमात. सगळे हसून लोळले. मीही. पण नक्कल म्हणजे डोळा मारण्याचाच सभ्य प्रकार. या भागाची सुरुवात यानावरच्या एका लग्नाने होते, ते अर्धवट राहतं, आणि शेवटी नवरामुलगा मरतो. शेवटच्या प्रवेशात कर्क त्या मुलीपुढे उभा राहतो. मी त्याला तो प्रवेश शॅटनरच्या आवाजात करायला सांगितला. दोन वाक्यांत तो स्वतःच थांबला आणि म्हणाला, "हे असं नाही जमणार."

मग त्याला शॅटनरचीच एक गोष्ट सांगितली. १९५६ साली कॅनडातल्या स्ट्रॅटफर्ड महोत्सवात शेक्सपिअरच्या 'पाचव्या हेन्री'चे प्रयोग चालू होते, तेही तंबूत. क्रिस्टोफर प्लमर हेन्री, शॅटनर त्याचा बदली नट. प्लमरला मूतखड्याने गाठलं आणि शॅटनरला ऐन वेळी उभं राहावं लागलं. प्लमर पुढे सांगायचा की मी जिथे उभा राहून बोलायचो तिथे हा बसला, माझं सगळं त्याने उलटं केलं, आणि तेव्हाच मला कळलं की हा मोठा होणार. ज्याची नक्कल करायची म्हणतोस तो स्वतः नक्कल न करून पुढे आलेला माणूस आहे, एवढंच माझं म्हणणं. हाच प्लमर १९९१ च्या स्टार ट्रेक चित्रपटात क्लिंगॉन या परग्रही जमातीचा सेनापती झाला आणि शॅटनरवर तोफा डागताना शेक्सपिअरची वाक्यं फेकत राहिला, 'पाचव्या हेन्री'मधलीसुद्धा. नाटकवाले जुने हिशोब विसरत नाहीत.

प्रेक्षकांत जे कट्टर चाहते असतात त्यांची मला आधी धास्ती होती. त्यांना वाक्यं पाठ, विनोद यायच्या आधी ते हसणार, शर्टाच्या बाहीवरची पट्टी चुकली तर सांगायला येणार. आलेही. पण गवतावर त्यांचा उपयोगच झाला. ज्याने मालिका कधी पाहिली नाही तो शेजारी बसलेल्या चाहत्याच्या चेहऱ्यावरून ओळखतो की आता काहीतरी येतंय.

भागात एक जागा आहे. दोन्ही यानं सगळी यंत्रं बंद करून, श्वास रोखून थांबतात, कारण आवाज झाला तर दुसऱ्याला पत्ता लागेल. मैदानात शांतता कुठली? पहिल्या प्रयोगाला त्या क्षणी मागच्या बाजूला एक कुत्रं भुंकायला लागलं. लोक हसणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. हसलं कुणीच नाही. रोम्युलन कमांडरने मान सावकाश आवाजाच्या दिशेने वळवली, जणू ते भुंकणं यानाच्या पत्र्याबाहेरून आलंय, आणि प्रेक्षकांतल्या एका बाईने कुत्र्याच्या मालकाकडे असं काही बघितलं की त्याने बिचाऱ्याने कुत्र्याला कडेवर घेतलं. पुढे स्पॉकच्या हातून कन्सोलवरचं बटण चुकून दाबलं जातं. त्या 'टिंग'ला पहिल्या रांगेतल्या मुलांनी दोन्ही हातांनी तोंडं झाकली.

पैशाचं थोडक्यात. तिकीट लावू नये. मालिका दुसऱ्याच्या मालकीची असते आणि मालकाचा संयम चाहत्यांच्या हेतूवर अवलंबून असतो. २०१५ च्या अखेरीस चाहत्यांनीच काढायला घेतलेल्या एका मोठ्या चित्रपटावर खटला झाला, त्यानंतर २०१६ मध्ये मालकांनी नियमच काढले: एक गोष्ट पंधरा मिनिटांत, फार तर अशा दोन भागांत, काम करणाऱ्यांना मानधन नाही, वर्गणी पन्नास हजार डॉलरच्या आत. हे चित्रपटांसाठी. नाटकवाल्यांनी त्यातला सूर ओळखावा आणि आधी विचारावं. आम्ही टोपीसुद्धा फिरवली नाही. प्लायवूड उसनं, ढोल उसना, शर्ट ज्याचे त्याने शिवले.

आता पुढच्या वर्षी काय, यावर पुन्हा भांडण सुरू आहे. बहुमत 'अरीना'च्या बाजूने आहे. कर्क आणि सरड्यासारखा गॉर्न, उघड्या माळावर दोघांची झुंज, म्हणजे मैदानालाच शोभणारा भाग. १९६७ मधला तो रबरी पोशाख घालून मूळ नटांची काय अवस्था झाली असेल ते पडद्यावरच्या गॉर्नच्या चालीवरून दिसतंच. त्यात धड दिसत नाही, वारा लागत नाही आणि वरून कर्कच्या अंगावर दगड उचलून फेकायचे. शिरस्त्राणात तापलेल्या रोम्युलनांपैकी एकानेही अजून हात वर केलेला नाही. ढोलवाला मात्र म्हणतो, गॉर्न मी होईन, पण ढोल दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. दोन्ही एकदम कसं करणार ते त्याने अजून सांगितलेलं नाही.